किल्लीआत्या आधी राहून बघते

२१ नोव्हेंबर २०१९, गुरुवार. सकाळी सव्वाआठला ताईंबरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेले. बरोबर स्टूल, दुधाचं भांडं, चहा-साखर, दोन टॉवेल आणि ताईंची हत्यारांची पिशवी. पायऱ्या चौपन्न. चार वेळा बसलो. दहा वीस ते अकरा पाच मी बाथरूममध्ये अडकले होते. ताईंचा गुडघा ठीक, माझा नाही.

शेवटची ओळ सोडली तर वहीत एवढंच आहे. ताई कोण आणि शहात्तराव्या वर्षी स्टूल घेऊन त्या तीन मजले कशाला चढल्या, ते इथे लिहिते.

ताई म्हणजे माझी नणंद. लग्न केलं नाही, एका विमा कचेरीत एकतीस वर्षं टायपिस्ट होत्या. त्यांच्या कमरेला कायम किल्ल्यांचा जुडगा असायचा, म्हणून माझ्या मुलाने लहानपणी त्यांचं नाव किल्लीआत्या ठेवलं. आता भाडेकरूही तेच म्हणतात. चार घरांच्या मालकीणबाई, आणि राहतात आमच्या मागच्या खोलीत. "स्वतःच्या घरात राहायला मला परवडत नाही गं वहिनी," असं वर हसून सांगतात.

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात अकरा घरं बदलली, सगळी भाड्याची. घरमालकाची पावलं जिन्यावर वाजली की लहानपणी ताई दाराआड लपायच्या. त्यामुळे दिवसभर कचेरीत आणि संध्याकाळी घरी लोकांचे कागद टाइप करून चौतिसाव्या वर्षी त्यांनी एक खोली-स्वयंपाकघर घेतलं आणि एका नव्या जोडप्याला भाड्याने दिलं. तिसऱ्या दिवशी जोडपं नाहीसं झालं. दाराच्या फटीतून किल्ली आणि एक चिठ्ठी आत टाकलेली होती. चिठ्ठीत एकच ओळ होती. "बाई, या घरात तुम्ही एक दिवस राहून बघा."

ताई राहिल्या. दुपारी दोनला शेजारच्या भिंतीपलीकडे पत्रे कापायचं यंत्र सुरू झालं आणि कपबश्या फळीवरून चालायला लागल्या. घर दाखवलं होतं ते सकाळी. सकाळी सगळीच घरं गुणी असतात.

तेव्हापासून त्यांचा नेम झाला. घर रिकामं झालं, रंग झाला, की किल्ली देण्याआधी एक पूर्ण दिवस स्वतः तिथे काढायचा. चहा करायचा, आंघोळ करायची, कपडे वाळत घालायचे, दुपारी जमिनीवर आडवं व्हायचं. चाळीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. भाडेकरू त्यांच्याकडे टिकतात त्याचं कारण हेच, दुसरं काही नाही.

पण या वर्षी मे महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. माझ्या मुलाने एक एजन्सी गाठली. भाडेकरू शोधणं, दुरुस्ती, सगळं तेच बघणार. तिसऱ्या मजल्याच्या घरासाठी त्यांनी माणसंही आणली होती. हॉस्पिटलातली एक नर्स आणि तिचे वडील. वडिलांना झटका येऊन उजवी बाजू लुळी पडलेली. बाकी फक्त ताईंची सही उरली होती. ती झाली की चारही घरांच्या किल्ल्या एजन्सीकडे जाणार.

"आत्या, तू आता आराम कर. ते लोक सगळं बघतात," मुलगा म्हणाला.

"बघतात रे. राहतात का?"

"तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही. तू चढून दाखव, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर सही कर."

"ठरलं," ताई म्हणाल्या. "फॉर्म दे इकडे. सोबत नेते, वरच ठरवीन."

मला वाटलं होतं पहिल्या मजल्यावरूनच परत येऊ. प्रत्येक वळणावर मी स्टूल मांडायची, त्या बसायच्या, मोठ्याने पन्नास आकडे मोजायच्या आणि उठायच्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "ताई, पुरे आता. हट्टाला औषध नसतं."

"आहे की. वरती आहे. चल."

वर पोचलो. घर खरंच चकाचक होतं. नवा रंग, नवे नळ. स्टुलाचा एक पाय जिन्यात आपटून डुगडुगत होता, ताईंनी एजन्सीचा फॉर्म चार घड्या करून त्याखाली सारला. चहा झाला. ताईंनी खिडक्या उघडल्या, लावल्या, नळ सोडून ठेवले. मग म्हणाल्या, "वहिनी, आंघोळ तू कर. गरम पाण्याने, सावकाश. मला ओल्या लादीवर डॉक्टरने बंदी घातली आहे."

मी चष्मा ओट्यावर ठेवला आणि गेले. आंघोळ आटोपून, कपडे करून कडी सरकवायला गेले तर हलेना. वाफेने दार फुगलं होतं आणि नवी कडी चौकटीच्या भोकात घट्ट बसली होती. ओढून बघितलं, साबण लावून बघितला. शेवटी हाक मारली.

"ताई, मी अडकले."

"कशात?"

"दारात हो! कडी निघत नाही."

बाहेरून काठीचा आवाज आला, मग स्टूल सरकल्याचा. "घाबरू नकोस. कडीच्या पट्टीला किती स्क्रू आहेत?"

"दिसत नाहीत, चष्मा बाहेर आहे."

"हाताने चाचपून बघ."

"चार."

दाराखालच्या फटीतून त्यांनी मोठा स्क्रूड्रायव्हर घालून पाहिला. मूठ जाड, जाईना. मग विजेचा टेस्टर आत आला. मी एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात कधी स्क्रू फिरवला नव्हता. आमच्या घरी ते काम आधी यांचं होतं, मग ताईंचं.

"फिरतच नाही हा!"

"कुठल्या बाजूला फिरवते आहेस?"

"उजव्या."

"अगं, म्हणजे आवळते आहेस! उलटा फिरव. कॉन्व्हेंटात काय शिकवलं तुम्हाला?"

"दार आवाज न करता लावायला शिकवलं."

"म्हणून ही वेळ आली."

मी हसायला लागले आणि टेस्टर बादलीत पडला. तो काढला, पुसला, पुन्हा सुरुवात. तीन स्क्रू निघाले. चौथ्यावरून टेस्टर सारखा निसटायला लागला.

"ताई, आहात ना?"

"आहे. वहिनी, तुला दोन्ही हात आहेत."

नर्सची ड्यूटी दुपारी दोन ते रात्री नऊ असते आणि तेवढा वेळ तिचे वडील एका हातानिशी घरी एकटे, ते मलाही माहीत होतं.

चौथा स्क्रू निघाला, पट्टी खाली आली. मी दार आत ओढून उघडलं तर ताई समोर स्टुलावर, फॉर्म पुन्हा त्याच्या पायाखाली, हातात माझा चष्मा. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग एजन्सीच्या माणसाला फोन लावला.

"आजी, रंग नवीन आहे ना, थोडे दिवस दार जाम राहणारच," तो म्हणाला.

"आणि तेवढे दिवस माणूस आत बसेल?"

"मी पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो."

"नको. माझा सुतार आहे."

सुतार त्यांच्या पंचवीस वर्षांच्या ओळखीचा. साडेबाराला आला. त्याचं म्हणणं, दार तासलं आणि कडी बदलली की झालं. ताईंचं म्हणणं वेगळं. दार आत उघडतं. म्हातारा आत पडला तर दाराला अडसर त्याचाच होणार, बाहेरून कितीही ढकला. दार बाहेर उघडलं पाहिजे आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवता आली पाहिजे.

"किल्लीआत्या, चौकट उलटी करायची म्हणजे अख्खा दिवस जाईल."

"माझा अख्खा दिवस आहेच. जेवलास का? मग लाग कामाला."

दुपारी ताई ठरल्याप्रमाणे जमिनीवर आडव्या झाल्या. ठोकाठोक चालू असताना घोरल्या सुद्धा. सुतार तासतच होता.

सहाला मुलगा न्यायला आला. काम नुकतंच झालं होतं. जिना चढून त्यालाच धाप लागली होती. ताई म्हणाल्या, "आत जा, कडी लाव, आणि दाराला पाठ टेकून जमिनीवर बस. उठायचं नाही."

"आत्या, हे काय आता?"

"बस म्हटलं ना."

तो बसला. ताईंनी पाकिटातून नाणं काढलं, बाहेरून कडी फिरवली आणि दार ओढलं. माझा पंचेचाळीस वर्षांचा मुलगा पाठीवर आमच्या पायांशी येऊन पडला. सुतार तोंड फिरवून हसला. मुलगा तसाच आडवा, वर आत्याकडे बघत राहिला.

"तुझी आई आत पाऊण तास होती," ताई म्हणाल्या.

तो उठला. दार एकदा लावलं, एकदा उघडलं. मग स्टूल उचललं, तर खालचा फॉर्म मोकळा झाला. घड्या उलगडून त्याने तो बघितला, खिशात घातला आणि ताईंना हात दिला. चढून दाखवलं होतं त्यांनी, आणि तोंड न उघडण्याचं कबूल केलं होतं त्याने. चौपन्न पायऱ्या उतरेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. तळाशी आल्यावर मात्र म्हणाला, "आत्या, पुढचं घर रिकामं झालं की आधी मला सांग. स्टूल मी आणीन."

"डुगडुगणारं नको," ताई म्हणाल्या.

नर्सला एक तारखेला किल्ली द्यायचं ठरलं. जुडगा ताईंच्या कमरेलाच आहे.

त्या संध्याकाळी वहीत शेवटी हे लिहिलं आहे: दुधाचं भांडं तिसऱ्या मजल्यावरच राहिलं. दूध कढईत तापवलं.