खाटेवरून उठण्याचं कारण

"थांबा. पात्र उठलं. काऊन उठलं?"

सरांनी हे विचारलं की आधी त्यांचा चष्मा कपाळावर जायचा, मग उजवा हात वर, आणि अख्खी तालीम जागच्या जागी गोठायची. ज्याचा पाय उचललेला असेल त्यानं तो तसाच धरून ठेवायचा. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मी गावातली चांगली वजनदार माणसं एका पायावर उभी राहून कारण शोधताना पाहिली आहेत. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुमची नाटकं वेळेवर संपत असतील.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्याच्या अगदी टोकाला. नाल्यापलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगणा, कापूस दोन्हीकडे सारखाच. शाळा मराठी माध्यमाची. सर मराठी शिकवायचे, मी गणित. दरवर्षी जयंतीला विहारासमोरच्या ओट्यावर नाटक व्हायचं आणि ते सरच बसवायचे. मला त्यांनी प्रॉम्प्टर केलं होतं, कारण माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. प्रॉम्प्टरचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचू नये, हे मला काही न वाचताही कळत होतं, पण सरांपुढे बोलायची सोय नव्हती.

सरांनी तरुणपणी हैदराबादला नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रम केला होता. तिथून ते झेरॉक्सचा गठ्ठा आणि सिद्धांत घेऊन आले. "आपल्याकडे कला लय हाये बाई, पण तिच्यामागं विचार नाई," असं ते मला आठवड्यातून एकदा तरी सांगायचे. स्वतः मात्र ते रंगमंचावर कधी चढले नव्हते. का, असं विचारलं तर म्हणायचे, "मी बाहेरून पाह्यतो, म्हणून मले दिसते."

एकदा गणपत शिंपी सरपंचाचं काम करत होता. संवाद संपवून तो खुर्चीतून उठला. सरांचा हात वर गेला.

"काऊन उठला?"

"सर, तुमीच तर लिव्हलं, 'उठतो' म्हणून."

"ते मी लिहिलं. सरपंच काऊन उठला?"

गणपतनं बराच विचार केला. मग म्हणाला, "खुर्चीत खिळा हाये सर. टोचून राह्यला."

आम्ही हसलो. सर नाही हसले. उलट त्यांचा चेहरा उजळला. "पाहा! कारण शरीरातून आलं!" त्या दिवसापासून तालमी संपेपर्यंत सरांनी त्या खुर्चीतला खिळा कोणाला ठोकू दिला नाही. गणपतचा पायजमा फाटला, तो त्यानं स्वतःच शिवला.

मग आली चौथी भिंत. आता आमच्या गावच्या नाटकाची रीत सांगते. ओटा चारी बाजूंनी मोकळा, मागे नुसती एक चादर. पोरं ओट्याच्या काठावर बसतात, आणि बायामाणसं पात्रांशी बोलतात. खलनायक आत शिरून "घरात कोण आहे?" असं ओरडला की समोरून उत्तर येतं, "कोणीच नाई, सारे वावरात गेले!" रडणाऱ्या सुनेला कोणी सांगतं, "माहेरी फोन कर ना वो." यात मुक्ताबाई सगळ्यांत पुढे. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म काढलेली बाई. घरून बारदान आणायची, ते अंथरून बरोबर मधोमध बसायची आणि नाटकातल्या प्रत्येकाला सल्ला द्यायची.

सरांना हे खपेना. नाटकाआधी ते माइक घेऊन उभे राहिले. "प्रेक्षकहो, इथं, या काठावर, एक भिंत आहे असं समजा. पात्रांना तुम्ही दिसत नाही, ऐकू येत नाही."

मुक्ताबाईनं हात वर केला. "सर, मंग आमाले दिसन कसं?"

गाव पोट धरधरून हसलं. तीन भिंती ज्या ओट्याला कधी नव्हत्या, त्याला सरांनी एकदम चौथी बांधली. तरी गाव सरांना मानायचं, म्हणून लोक त्या वर्षी तोंडाला पदर आणि रुमाल लावून बसले. मुक्ताबाई तर दोन अंकांत नुसती कण्हत होती.

पुढच्या वर्षी सर गठ्ठ्यातलं दुसरंच काहीतरी वाचून आले. आता पात्रांनी मधेच थांबून प्रेक्षकांना प्रश्न विचारायचे, आपण नाटक पाहतो आहोत हे त्यांना विसरू द्यायचं नाही.

"सर, अन् भिंत?" गणपतनं विचारलं.

"पाडली."

"अजून वाळलीबी नसन वो."

पण गाव मोठं शहाणं. वर्षभर त्यांनी गप्प बसायचं मनावर घेतलं होतं. गणपत ओट्याच्या काठाशी येऊन विचारतोय, "सांगा, यात दोष कोणाचा?" आणि समोर चिडीचूप. त्यानं तीनतीनदा विचारलं. शेवटी चादरीमागून मीच ओरडले, "व्यवस्थेचा!" शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज एकदा तरी कामी आला.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट मात्र गावात कोणी हसत बोलत नसे. सरांची एकुलती एक मुलगी. बापाच्याच नादानं ती हैदराबादला चित्रपटाचं संकलन शिकायला गेली आणि तिथल्या एका तेलुगू मुलाशी लग्न करून निर्मलला राहिली. दोघांनी लग्नांचे व्हिडिओ करायचा स्टुडिओ टाकला. सरांनी तिच्याशी बोलणं सोडलं. जात आडवी आली नाही, भाषाही नाही, असं ते शपथेवर सांगायचे. "लग्नाचे व्हिडिओ, बाई! नवरी वळते, गुलाबाची पाकळी पडते, मागं गाणं. यात विचार कुठं हाये?" म्हणजे मुलीशी अबोला, तोही सिद्धांतापायी! मला राग यायचा. गणपतच्या खुर्चीतल्या खिळ्याची चौकशी करणाऱ्या माणसानं आपल्या पोटच्या पोरीला एकदाही विचारलं नव्हतं, बाई गं, काऊन गेलीस?

वहिनी, म्हणजे सरांची बायको, डोळे तपासायला निर्मललाच जायच्या. आदिलाबादला काय डॉक्टर नव्हते? पण सरांनी त्यांना कधी अडवलं नाही. परत आल्यावर "काय म्हणाले डॉक्टर?" एवढं विचारायचे आणि उत्तर फार लक्ष देऊन ऐकायचे.

त्यानंतरच्या जयंतीला सरांनी स्वतः नाटक लिहिलं. गोष्ट साधी. रुसलेला म्हातारा बाप खाटेवर पडलेला. घर सोडून गेलेली लेक दारात येते आणि म्हणते, "बाबा, मी आले." बाप उठतो, दार उघडतो. पडदा. आम्ही संहिता वाचली आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

बापाचं काम दिगांबरकडे. तो गावचाच, बेल्लमपल्लीला खाणीत कामाला, तालमीसाठी सुट्टी काढून यायचा. लेक झाली अंगणवाडीची सुनंदा. पहिल्याच तालमीत दिगांबर खाटेवरून अर्धा उठला आणि आपणहून थांबला. सरांची सवय त्याला माहीत होती.

"सर, हा बाप काऊन उठते?"

सरांचा चष्मा कपाळावर गेला. मग खाली आला. मग ते तो पुसायला लागले.

"ते आपण मागून पाहू," ते म्हणाले.

मागून कधी पाहिलं नाही. बाकी सगळ्या पात्रांची कारणं झाली, तांब्या उचलण्याचंसुद्धा झालं. बापाचं उठणं तेवढं राहिलं.

जयंतीच्या दिवशी दुपारी दिगांबरचा फोन आला. "सर, सुट्टी नाई भेटली. माफ करा." लोक जमायला लागलेले. बापाचे संवाद पाठ असलेला माणूस गावात एकच होता, त्यानंच ते लिहिले होते. सर म्हणाले, "नाटक रद्द करू." मी म्हटलं, "सर, खाटेवर पडायचं अन् उठायचं. इतक्या वर्षांचा अभ्यास हाये तुमचा." टोमणाच होता. ते धोतर नेसायला गेले.

आणि त्या वर्षी जयंती कमिटीनं नाटकाच्या व्हिडिओची ऑर्डर दिली होती. गावातल्या एका लग्नाचा व्हिडिओ लोकांना फार आवडला होता, म्हणून पोरांनी त्याच स्टुडिओला फोन केला. स्टुडिओ निर्मलचा. पोरांनी हे मुद्दाम केलं की त्यांच्या लक्षातच आलं नाही, मला आजवर कळलेलं नाही. दिवेलागणीला मी चादरीमागून डोकावले तर समोर, मुक्ताबाईच्या बारदानाच्या मागे, तिपाई लावलेली, जावई वायर सोडवतोय, आणि कॅमेऱ्याला डोळा लावून सरांची पोरगी उभी. सर खाटेवर पडले होते, तोंड तिकडेच. त्यांनीही पाहिलं.

नाटक सुरू झालं. सर वाईट नट होते, हे मी त्यांच्यावरच्या सगळ्या मायेनिशी सांगते. आवाज वर्गात कविता शिकवतानाचा, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. तरी चाललं होतं. मग सुनंदा कोपऱ्यात उभ्या केलेल्या दाराच्या चौकटीत आली आणि म्हणाली, "बाबा, मी आले."

सर उठले नाहीत.

मी चादरीमागून म्हटलं, "उठा." मग म्हटलं, "सर, उठा." सुनंदानं वाक्य पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा तर खरंच विनवल्यासारखं. सर खाटेवर बसते झाले, दोन्ही हात खाटेच्या काठावर, नजर कॅमेऱ्याकडे. मला त्यांची पाठ दिसत होती. सदरा घामानं चिकटला होता. माझ्याजवळ शब्द होते सगळे, पण त्यांना शब्द नको होता. मी नुसती उभी राहिले आणि रडले, लाज कसली त्यात.

गाव गप्प. सरांनीच शिकवलेलं गप्प बसणं. त्यात मुक्ताबाई बारदानावर गुडघे टेकून उठली.

"सर," ती म्हणाली. नाटकातला बाप वगैरे काही नाही, सरळ सर. "उठा ना बापा. पोरगी कवाची उभी हाये. पाय दुखले असतील तिचे."

सर उठले. चौकटीकडे गेले नाहीत. ते ओट्याच्या काठाशी आले, दोन वर्षांपूर्वी जिथे भिंत बांधली होती तिथे, धोतर सावरत खाली उतरले आणि माणसांमधून वाट काढत निघाले. मागे चौकटीत सुनंदा पुटपुटली, "अन् मी?" तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

ते कॅमेऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. अगदी जवळ. पोरीनं कॅमेऱ्याला लावलेला डोळा बाजूला घेतला.

"काऊन गेलती?" सरांनी विचारलं.

"सांगते बाबा," ती म्हणाली. "तुमी विचारलंच नाई कधी."

जावई बिचारा घाबरून गेला होता. त्याला काय करावं सुचेना, म्हणून तो कामाचंच बोलला, "मामय्या, जरा मागं, फोकस पोयिंदि." फोकस गेला, एवढं तेलुगू गावाला येतं. त्यावर जे हसू फुटलं, त्यात सरही हसले, आणि मागं सरायच्या ऐवजी आणखी एक पाऊल पुढे झाले. पोरीनं धरलं.

त्या रात्री पोरगी-जावई सरांकडेच जेवले. वहिनींनी पुढे डोळ्यांचं नाव काढलं नाही. सर मात्र सर ते सरच. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये म्हणाले, "पाह्यलं बाई? भिंत होती म्हणून ओलांडता आली. सिद्धांत बरोबरच होता." मी म्हटलं, "चहा घ्या सर." नंतर ते दर सुट्टीत निर्मलला जायला लागले आणि जावयाच्या मागे उभे राहून लग्नांचे व्हिडिओ पाहायला लागले. "कॅमेरा हलला. काऊन हलला?" जावई म्हणायचा, "पब्लिकचा धक्का, मामय्या." सरांना ते उत्तर पटायचं. कारण शरीरातून आलं होतं ना.

यंदाच्या थंडीत सर गेले. झोपेतच गेले. कोणाला काही विचारायची संधी मिळाली नाही.

शाळेत शोकसभा झाली. भाषणं झाली, बरीच लांबली. मग पोरीनं प्रोजेक्टरवर त्या नाटकाचा व्हिडिओ लावला. लग्नातली कंटाळवाणी माणसं कापणं हा तिचा रोजचा धंदा, पण यातलं तिनं काहीच कापलं नव्हतं. सुनंदाचं तेच वाक्य तीनदा, सर न उठलेले, ते सगळं लांबलचक, जसंच्या तसं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून पाहत होती, हात मांडीवर घट्ट. मुक्ताबाई पुढच्या रांगेत होती. आता ती पडद्याला काहीच बोलली नाही.

पडद्यावर सर उठले. ओट्यावरून उतरले, मोठे मोठे होत आमच्याकडे आले, इतके जवळ आले की त्यांच्या सदऱ्याचं एक बटण तेवढं राहिलं, तेही पुसट.

माझ्या शेजारची ती उठून उभी राहिली. काऊन, ते मी विचारलं नाही.