थांबाबाई

काहीही विचारा, थांबाबाईंचं पहिलं उत्तर 'थांबा' असायचं. चहा घेणार का, विचारलं तरी. कुडव्यातल्या माझ्या ऑफिसात हे नाव त्यांना पहिल्याच आठवड्यात पडलं आणि त्यांनी ते खुशाल चालवून घेतलं.

राइस मिलला लागणारी तांदूळ निवडायची मशीन आम्ही जुळवायचो. कॅमेरा काळा दाणा हेरतो, हवेचा झोत तो उडवतो, आणि कॅमेऱ्याचं कॉम्प्युटरशी बोलणं ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम करून देतो. कॉम्प्युटरला नवं सर्किटचं कार्ड जोडलं, की कधीकधी जुन्या कार्डांच्या ड्रायव्हरना मेमरीतली आपली जागा सोडून दुसरी घ्यावी लागते. पंगतीत उशिरा आलेल्यासाठी ताट उचलून सरकावं, तसं. सरकताना काही सांडतं का, हे पाहणं बाईंचं काम.

बाई इंजिनिअर, पण घर बिरसी गावातलं, धानाच्या शेतीचं. टेस्टच्या सॉफ्टवेअरवर त्यांचा विश्वास बेताचाच. छोट्या मशीनमध्ये तांदूळ ओतायचा, मूठभर काळे दाणे मिसळायचे, मशीन चालू असतानाच ड्रायव्हरला जागा बदलायला लावायची आणि निवडलेला तांदूळ सुपात घेऊन बोटांनी चाळायचा. पोरं हसायची. बाई म्हणायच्या, "खानारा स्क्रीन खाते का भात खाते?"

एका मिलची ऑर्डर आली. आमचा पुढचा सगळा डोलारा तिच्यावरच होता. स्क्रीनवर सगळं हिरवं, सुपात मात्र काळे दाणे.

"'जागा सोडतं का' म्हनून विचारलं का हा लगेच 'हो' म्हनते," बाई ड्रायव्हरवर करवादल्या. "अन् हातचं काम सांडून राहिला. 'आत्ता नाही' म्हनाले काय जाते याचं?"

मिलवाल्याचा फोन चालूच होता, "भैया, सीझन निकल जाएगा." मी बाईंना म्हणालो, "मिलमध्ये रोज नवं कार्ड थोडंच लावतात?"

"थांबा भाऊ. ज्या दिवशी लावतीन, त्या दिवशी शिव्या तुमालेच भेटतीन."

चिडलो, पण मशीन पाठवली नाही. ड्रायव्हरला नाही म्हणायला शिकवेपर्यंत मिलवाल्यानं दुसरीकडून माल उचलला. बाईंनी तरीही पुन्हा तांदूळ ओतला, चाळला. एकही काळा दाणा नाही. "पास," त्या म्हणाल्या. घ्यायला कोणी नव्हतं.

पुढे पगार देणं मला जमणार नव्हतं. ते बाईंना सांगायला गेलो तेव्हा अर्ध्या पगारावर राहा, थोडी वाट पाहा, असं म्हणायचंही मनात जुळवून ठेवलं होतं. माझं पहिलं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, तोच बाई "हो, चालते" म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या. त्यांच्याकडून मला मिळालेला हा एकमेव झटपट होकार. फार लागला तो.