भिंतीपासून सहा मीटर

दक्षिणेतल्या आवडी गावाजवळच्या एका संशोधन केंद्राच्या आवारात झाडं लावायचं काम मी केलं. सुरक्षेसाठी भिंतीलगत दहा मीटर जागा मोकळी हवी, असा नियम होता. मी सुरक्षा अधिकाऱ्याशी मंडईतल्यासारखी घासाघीस केली आणि सहा मीटरवर आणून कडुनिंबाची एक रांग जास्त बसवली. त्याने नुसती होकारार्थी मान हलवली. लेखी घ्यायचं मला सुचलंच नाही.

वर्षभराने त्याची बदली झाली. नव्या साहेबाने ती रांग काढायला लावली. मी फाटकावर भांडलो, "आधीच्या साहेबांनी शब्द दिला होता, सार!"

पहारेकरी म्हणाला, "तुमचा पास संपलाय, अण्णा. ओरडू नका."

तरी मी ओरडलो, "मुळासकट काढा रे, दुसरीकडे जगतील!" भिंतीपलीकडे कुऱ्हाडी चालूच होत्या.