भिंतीवरचं बटण

सकाळी संगणक सुरू केला, तर पडदा पुन्हा कोरा. कचेरीचे जुने कागद काल उघडून ठेवले होते, त्या सगळ्या खिडक्या गायब. त्या जशाच्या तशा परत मांडायला सुनेने ब्राउझरला एक एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, बसवून दिलंय. कामचुकार, थापाडं मेलं! चार दिवस मी त्याला शिव्या घालतोय.

आज सून मागे येऊन उभी राहिली. "आबा, तुम्ही थेट भिंतीवरचं बटण बंद करता. त्या बिचाऱ्याला आवरायला वेळ तरी देता का?"

"म्हणजे चूक माझी?"

"मग काय त्याची?"

तिचाही राग आला. पण थेट बटणाकडे जाणारा हा हात जुनाच आहे. नोकरीत असताना एक फाईल हरवली, तेव्हा आमचा कारकून कामत म्हणाला होता, "साहेब, एक दिवस द्या, फाईल शोधतो." मी दिला नाही. त्याच दुपारी त्याला निलंबित केलं. आठवड्याने फाईल माझ्याच कपाटात सापडली, आणि मी गप्प बसलो.

त्याला पत्र लिहायचं म्हणून तर हे जुने कागद उघडत होतो. खरं तर त्यासाठी एकही कागद लागत नाही. कोऱ्या पडद्यावर मी पहिलं वाक्य लिहिलं, "कामत, फाईल माझ्याकडे होती."