हौसाकाकीची सरकी

कुणी पोटुशी दिसली की हौसाकाकीचा हात आधी डब्याकडे जायचा. माझ्या वेळी तर तिनं शेंगदाण्याचे लाडू चारून मला अगदी नकोसं केलं होतं. "दोन जिवांची हायेस, गप गिळ," हा वर प्रेमळ दम! माथेरानच्या डोंगराखाली आमचं गाव आणि आमच्या कुडाला लागून तिचा गोठा. दोन म्हशी आणि राखणीला मोत्या नावाचं कुत्रं. म्हशींसाठी ती कर्जतहून सरकीची गोणी आणायची. कापसाच्या त्या बिया रोज घमेल्यात भिजत पडायच्या. गाभण म्हशीला अर्थातच मूठभर जास्त.

गेल्या उन्हाळ्यात डोंगर पार करपला होता. एका संध्याकाळी गोठ्यामागच्या करवंदीतून एक भेकर बाहेर आलं. तांबूस, बुटकं हरीण; पोट खाली आलेलं आणि बरगड्या वर. काकीचा जीव कळवळला. "अगं बाई, पोटुशी हाय गं ही! आनि अशी उपाशी?" तिनं म्हशीच्या घमेल्यातली सरकी पाटीत काढली आणि झुडपापाशी नेऊन ठेवली. भेकर आधी नुसतं हुंगून गेलं. पुढे मात्र रोज येऊ लागलं.

मोत्या भुंकायचा. काकी काठी घेऊन त्याच्यासमोर उभी राहायची. "माहेरवाशीण हाय ती आपली. भुंकलास तर टाळकं सडकीन." शेवटी तो बिचारा पाटीशेजारी मुकाट बसायला शिकला. भेकर खातंय आणि शेजारी कुत्रं शेपूट हलवतंय, हे बघायला आम्ही सगळे कुडाआड उभे राहायचो. केवढं कौतुक करायचो काकीचं! पाडस झालं तेव्हा तर काकीनं घरोघर गूळ वाटला.

आणि मग नको ते झालं. वरच्या बंगल्यावरचं दांडगं कुत्रं साखळी तोडून आलं. भेकर पळालं नाही हो! पाटीतून मान वर करून त्यानं कुत्र्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागलं. काकी ओरडत धावली, पण तोवर गळा धरला गेला होता.

बंगलेवाल्यांना मी तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. काकीनंच मला थांबवलं. "त्यांना कशाला बोलतेस? कुत्र्याचा धरमच त्यो. मोत्याला गप केलं मी, आनि तिला वाटलं समदी कुत्री मोत्यासारखीच. सरकी घालून मीच मारली गं तिला." त्या दिवसापासून म्हशींची सरकी सून भिजवायला लागली. काकी घमेल्याला हात लावीना.

पाडस उरलं होतं. पाला खाण्याएवढं झालं होतं, पण संध्याकाळी आईच्या वाटेनं यायचं आणि पाटीच्या रिकाम्या जागी हुंगत उभं राहायचं. माझ्यानं बघवेना. म्हटलं, "काकी, घाल की मूठभर. आईविना लेकरू ते."

"नाय. आता नाय." तिनं डोळे पुसले आणि मोत्याला पुढे ढकललं. "छू! भुंक रं! भुंक की मेल्या!"

मोत्यानं तिच्या हातातल्या काठीकडे पाहिलं आणि शेपूट हलवत खाली बसला.

तेव्हा काकीनं पदर खोचला, गुडघे टेकले, ओणवी झाली आणि स्वतःच भुंकायला लागली. बंगल्यावरच्या त्या कुत्र्यासारखी, घसा फाटेस्तोवर. मला आधी हसू फुटलं आणि मग रडूच कोसळलं. पाडस दचकलं, उडी मारून करवंदीत शिरलं. पाला हलायचा थांबला तरी काकी भुंकतच होती.

मी तिला धरून उठवलं. धापा टाकत तिनं विचारलं, "मला भ्यालं ना गं?"

मी मान डोलावली.

"भिऊ दे. मंग जगंल."