मामांच्या बातम्या

माझे मामा व्हायोलिन दुरुस्त करायचे आणि शिकवायचेही. खाली दुकान, वर घर; मीही त्यांच्याकडेच राहायचे. दुकानात सरसाचा न् पॉलिशचा वास, छताला टांगलेली व्हायोलिनं, आणि भिंतीवर मामांनी स्वतः रंगवलेली पाटी: 'येथे फक्त शुद्ध वादन शिकवले जाईल.' सुराला शब्दांची गरज पडली की तो सूरच कच्चा, असं त्यांचं ठाम मत. रेडिओवरचं चालू गाणं कुणी नुसतं गुणगुणलं तरी त्याची खैर नसे. एका मुलीला त्यांनी तेवढ्यासाठी शिकवणीतून काढलं, वर तिच्या आईला चार शब्द सुनावले ते वेगळेच.

असे हे मामा काम करताना एका कानात रेडिओचा इयरफोन घालून बसत. विचारलं तर म्हणत, "बातम्या ऐकतोय." बातम्यांवर पायाने ताल धरणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. एकदा केर काढताना माझ्या झाडूत वायर अडकली, पिन निघाली आणि दुकानभर कुणीतरी बोंबलायला लागला, "खाली ये गं, खाली ये, स्कूटर माझी सुरू आहे, ओ ओ ओ!" मामांनी झडप घालून रेडिओ बंद केला.

"बातम्यांच्या मधे काहीही लावतात हल्ली," ते म्हणाले.

जिन्यावरून मामीचा आवाज आला, "हो ना, हवामानाचा अंदाज आहे तो. रोज असतो."

मामा कानापर्यंत लाल झाले. आमच्या तिघांतच ते राहिलं.

मग एका सकाळी व्हायोलिनच्या फळीला सरस लावताना त्यांच्या हातातला ब्रश गळून पडला आणि मागोमाग तेही. दवाखान्यातून घरी आले तेव्हा चालत होते, समोरच्याचं सगळं समजत होतं, फक्त शब्द गेले होते. पाणी हवं असलं तरी "ते… ते…" एवढंच. आणि ते आम्हाला समजलं नाही की उशी फेकायची.

स्पीच थेरपीवाली ताई यायला लागली. पोरगी तरुण पण स्पष्टवक्ती. ती म्हणाली, "बोलणं अडलं तरी गाणं पुष्कळदा अडत नाही. ओळखीच्या गाण्याचे शब्द तोंडात आले की त्याच चालीवर हळूहळू यांचे स्वतःचे शब्द बसवता येतात. पण हे पहिले महिने महत्त्वाचे. नंतर सगळं फार कठीण जातं. काकांना कुठली गाणी आवडतात?"

मामांचा थोरला शिष्य रोज भेटायला येई, तो छाती पुढे काढून म्हणाला, "सर गाणी ऐकत नाहीत. शुद्ध वादन." आणि लगेच व्हायोलिन काढून त्याने सरांची आवडती रचना वाजवली. मामांनी डोळे मिटून ती सबंध गुणगुणली. एक सूर इकडचा तिकडे नाही.

"सुंदर," ताई म्हणाली. "पण यात शब्द कुठे आहेत?"

जन्मभर शब्दांना नाकं मुरडली, आता ऐन वेळी एक ओळ सापडेना! मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं.

"मामा, ते रेडिओवरचं…" मी तोंड उघडलं मात्र, त्यांनी असे डोळे वटारले की मी गप्प. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला भयंकर राग आला. मुकं राहायला तयार, पण शिष्यासमोर इज्जत जायला नको! काय करायचीय असली इज्जत?

पुढच्या खेपेला ताई आली तेव्हा शिष्य होताच. मी त्याला काहीतरी निमित्त काढून खाली पिटाळणार होते, पण मामी म्हणाली, "बसू दे त्याला. यांना उद्या त्याच्याशीच बोलायचंय ना?" आणि ती पलंगाशेजारी उभी राहून चादरींच्या घड्या घालायला लागली. घालता घालता, आपल्या फाटक्या आवाजात, सगळ्यांच्या देखत:

"खाली ये गं, खाली ये, स्कूटर माझी…"

इथे थांबली. उशीचा अभ्रा झटकला. पुन्हा सुरुवातीपासून, पुन्हा तिथेच गप्प. शिष्य चपापून खिडकीबाहेर बघू लागला. मामांचा जबडा ताठ झाला होता, गुडघ्यावर बोटं वाजत होती. मामी ढिम्म. तिने तिसऱ्यांदा ओळ धरली आणि अर्ध्यावर सोडून चक्क कपाटाकडे निघाली.

"सुरू आहे!" मामा ओरडले.

स्वच्छ, खणखणीत. त्यांनाच दचकायला झालं. मग ते थांबेचनात. धृपद, कडवी, मुलीचा बाप बाल्कनीत येतो तो भाग, सगळं तोंडपाठ. गाताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, लाजेचं का आनंदाचं, कोण जाणे. मी तर सरळ रडले. आणि "ओ ओ ओ" आलं तेव्हा थोरला शिष्यही खालच्या पट्टीत सामील झाला. त्याला ते कुठून येत होतं हे आम्ही विचारलं नाही.

त्या दिवसापासून आमचं घर त्या चालीवर चाललं. "पाणी दे गं, पाणी दे." "दार लाव रे, दार लाव." ताई गुडघ्यावर ताल धरायला लावी आणि मामा एकेक शब्द ओढून काढत.

एका दुपारी त्यांनी मामीला खूण करून समोर बसवलं. गुडघ्यावर हात आपटत गायले, "नाव तुझं… नाव तुझं… येत नाही गं." आणि तोंड झाकून घेतलं.

"राहू द्या हो," मामी म्हणाली. "एवढी वर्षं 'अगं'वर भागलं, आता नाव कशाला?"

मामांनी जोरजोरात मान हलवली. मामी उठून कामाला गेली. ते खिडकीपाशी बसून तीच चाल घोळवत राहिले; चुकायचे, चरफडायचे, पुन्हा पहिल्यापासून. मी इस्त्री करत होते. संध्याकाळी ओळीच्या मध्येच नाव आलं. पार बेसूर आलं, पण पुरतं आलं.

मामी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिने ओ दिली नाही. नळ बंद केला आणि पुन्हा हाक येते का म्हणून ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.