घाम निवायच्या आधी

ऐन थंडीत कपडे घालणं कुणालाही जमतं. असेल नसेल ते अंगावर चढवायचं आणि बसायचं. खरी परीक्षा दिवाळीच्या आगेमागे असते. पहाटे बोटं वाकत नाहीत आणि दहा वाजले की सदरा पाठीला चिकटतो. अशा दिवसांत माळावर हरणं बघायला जायचं म्हटलं की काय घालायचं हे ठरवण्यात माझे दोन दिवस जातात. यंदा आठ गेले.

हरणं बघायला म्हणजे नुसतं बघायलाच. माझ्या बायकोचं माहेर येवल्याकडच्या माळावर. तिथं काळवीट आहेत, कळपानं फिरतात. तिच्या आजोबाच्या वेळी लोक जाळी लावून धरायचे म्हणे. आता कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी मारलं नसतं. पण बसायचं ते शिकाऱ्यासारखंच. वारा कुठून येतो ते बघायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. लग्न झाल्यापासून दर साली आम्ही दोघं एक पहाट बांधावरच्या बोरीच्या आडोशाला जाऊन बसायचो. घरी त्या बाईची जीभ कधी टाळूला लागली नाही, पण तिथं दोन दोन तास दगड व्हायची. मी मांडी बदलली तरी डोळे वटारायची.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता मी एकटा जातो.

पहिली दोन वर्षं गेलोच नाही. गेल्या साली गेलो आणि चूक केली. मेव्हण्याच्या घरून निघतानाच बनियन, सदरा, स्वेटर, मफलर, वर घोंगडी, सगळं चढवून निघालो. तीन किलोमीटरची वाट, त्यात चढ. माझी चाल आजही तरण्यापेक्षा कमी नाही, हे कुणीही सांगेल. बोरीपाशी पोचलो तेव्हा आतला बनियन पिळला तर पाणी निघेल असा झाला होता. तसाच बसलो. अर्ध्या तासानं माळाचा वारा सुटला आणि तो ओला बनियन पाठीवर बर्फासारखा बसला. दात वाजायला लागले. तरी मी उठलो नाही. हरणं आली नव्हती ना अजून!

नाशकाला घरी परतलो आणि तिसऱ्या दिवशी ताप चढला. न्यूमोनिया निघाला. आठ दिवस दवाखान्यात होतो. मुलगा पुण्याहून रजा टाकून आला. एकुलता एक आहे. आठही दिवस माझ्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपला आणि डिस्चार्जच्या दिवशी म्हणाला, "अण्णा, पुन्हा असं झालं तर नाशकातली खोली सोडायची आणि माझ्याकडं यायचं. कायमचं. शब्द द्या."

मी शब्द दिला. दवाखान्यात माणूस काहीही देतो. पण दिला म्हणजे दिला.

त्याच्याकडं मी पंधरा दिवस राहून बघितलंय. अकरावा मजला. तो आणि सूनबाई सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. दिवसभर मी आणि टीव्ही. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर ते मोबाइलमध्ये बघतं. इथं नाशकात द्वारका चौकाजवळ माझ्या दोन खोल्या आहेत, खाली गाड्यांचा गोंगाट आहे. इथंही बोलायला कुणी नाही, खोटं कशाला सांगू. पण इथं मी माझ्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात घालून फिरतो.

म्हणजे यंदा माळावर जायचं तर छातीला काही होता कामा नये. नाहीतर खोली गेली. न जाणं हा एक मार्ग होता. मेव्हणा म्हणालाही तसं. पण कुणी जाऊ नका म्हटलं की माझे पाय आपोआप निघतात, हा माझा जुना दोष आहे.

मुलाचा फोन आला.

"जाणारच ना तुम्ही?"

"जाणार."

"मग नीट ऐका. लेयर घाला. एकच जाड काही घालायचं नाही. तीन लेयर. सगळ्यात आत थर्मल."

मी म्हणालो, "लेयर अंडी देतात आणि थर्मल एकलहऱ्याला आहे. तुला माझ्या अंगात काय घालायचंय?"

तो इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. आमच्याकडं पोल्ट्रीतल्या अंड्याच्या कोंबड्यांना लेयर म्हणतात, आणि थर्मल म्हणजे वीज करायचा कारखाना, हे त्यालाही ठाऊक आहे की. मी काही विनोद करायला गेलो नव्हतो. पण तो हसला म्हणून मीही हसलो. आई गेल्यापासून त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं.

दोन दिवसांत त्यानं एक जॅकेट पाठवलं. हलकं, काळपट हिरवं, वारा आत येऊ देत नाही म्हणे. मी ते घालून खिडकीपाशी खुर्चीवर बसलो आणि हरणं दिसल्यावर माणूस जसा हात वर करतो तसा हात हळूच वर केला. खस्स. खिडकीच्या कठड्यावर कबुतर बसलं होतं, ते भुर्रकन उडालं. द्वारकेच्या हॉर्नला न हलणारं कबुतर जर उडतं, तर माळावरचं हरीण थांबेल काय?

मग मी रोज पहाटे गच्चीवर जायला लागलो. एक दिवस दोन सदरे आणि मफलर. एक दिवस नुसती घोंगडी. एक दिवस स्वेटर आत आणि सदरा वर, ते तर फारच टोचलं. आधी जिन्यानं पाच वेळा वर-खाली करायचं, अंग तापवायचं, मग तासभर न हलता बसायचं आणि पाठीला हात लावून बघायचा. रोज पाठ ओली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलं, "काका, कुणाची वाट बघताय का?" मी म्हटलं, "नाही."

चौथ्या की पाचव्या दिवशी जिना चढताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि उजेड पडला तेव्हा लाजच वाटली, कारण ही गोष्ट मला माहीत होती. नाशकात यायच्या आधी मी लासलगावच्या कांदा मार्केटात चाळीस वर्षं हमाली केली. थंडीत सकाळी आम्ही पोत्याची खोळ डोक्यावरून घेऊन, अंगाला चादर गुंडाळून यायचो. पहिला ट्रॅक्टर लागला की मुकादम ओरडायचा, "काढा रे!" की सगळ्यांनी चादरी काढून ट्रॉलीच्या फाळक्यावर टाकायच्या आणि उघड्या बंडीवर पोती उचलायची. कुडकुडत सुरुवात करायची. आणि गाडी भरली की घाम निवायच्या आधी पुन्हा चादर अंगावर. उशीर केला तर मुकादम आईवरून शिवी द्यायचा. चाळीस वर्षं मला कधी साधी सर्दी झाली नाही.

मग माळावर जाताना मी हे कसं विसरलो?

विसरलो नव्हतो. मला ते कधी करावंच लागलं नव्हतं. मी आयुष्यभर लोकांची पोती पाठीवर वाहिली, पण स्वतःच्या सामानाची पिशवी हातात धरून कधी रस्त्यानं चाललो नाही. दिवसभर वाहायचं ते पोटासाठी, पण सुटल्यावर हात मोकळे पाहिजेत, असा माझा हेका होता. पिशवी बायको धरायची. माळावर जाताना मी नुसत्या सदऱ्यावर हात हलवत पुढं आणि ती मागं, काखेत पिशवी. बोरीपाशी पोचलो की ती काही न बोलता आधी पंचा द्यायची, मग कोरडा बनियन, मग स्वेटर. मी घ्यायचो आणि घालायचो. इतकी वर्षं घेतलं, पण हे ती का करते असं एकदाही मनात आलं नाही. मला वाटायचं बायकांना कपडे बदलायला लावायची हौस असते.

ती गेल्यावर पिशवी धरायला कुणी राहिलं नाही. म्हणून मी सगळंच अंगावर घालून निघालो. न्यूमोनिया झाला तो त्यामुळं. थंडीला उगाच नावं ठेवली.

मी पायरीवर बसलो तो बराच वेळ बसलो.

दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. पंचा, कोरडा बनियन, लोकरीचा स्वेटर, तपकिरी कानटोपी, आणि मुलाचं जॅकेट. जॅकेटचं कोडं गच्चीवरच सुटलं होतं. ते वरून न घालता स्वेटरच्या आत घातलं की लोकर त्याचा आवाज खाते आणि वाराही लागत नाही. पोराचं खरं आणि माझंही खरं. हे त्याला फोनवर सांगितलं नाही मी, उगाच चढून बसला असता.

एस्टीनं संध्याकाळी मेव्हण्याकडं पोचलो. पहाटे अंगणात निघालो तर तो चूळ भरता भरता थांबला.

"दाजी! पिशवी? बाजाराला निघाले का काय?"

"तुझं काम कर."

"नाय, पण दाजींच्या हातात पिशवी! ताई असती तर लय हसली असती." आणि मग त्याचा आवाज एकदम खाली गेला. "द्या इकडं, मी येतो धरायला."

"मला हात आहेत," मी म्हटलं.

खरं सांगतो, त्या वेळी ती पिशवी ओट्यावर फेकून घोंगडी गुंडाळून जावं असं वाटलं होतं. शब्द आठवला म्हणून हातात राहिली. घोंगडीची घडी खांद्यावर टाकली आणि नुसत्या सदऱ्यावर निघालो. पहिला किलोमीटर कानशिलं दुखली इतका गारठा. चढावर अंग तापलं. तिथं मुद्दाम चाल कमी केली, दोनदा थांबलोही. ते मला फार जड गेलं.

बोरीपाशी पोचलो तेव्हा पूर्वेला नुसती रेघ उमटली होती. ओला बनियन काढला. उघड्या छातीवर वारा लागला तेव्हा तोंडातून आवाज निघाला. पंच्यानं पाठ पुसायला गेलो तर मधल्या जागी हात पोचेना. पंचा दोन्ही हातांत ताणून पुसली. कोरडा बनियन, त्यावर जॅकेट, त्यावर स्वेटर, माझी नेहमीची पांढरी टोपी पिशवीत आणि कानटोपी डोक्यावर. गुडघ्यांवर घोंगडी. बसलो. थोड्या वेळानं अंगात हळूहळू ऊब भरली आणि ती टिकली.

कळप उन्हाबरोबर आला. वीसेक माद्या, दोन पाडसं आणि मागं एक नर. पाठ काळीकुळकुळीत, पोट पांढरं, शिंगांना पीळ. माझ्यापासून पन्नास पावलांवर त्यानं मान उचलून हवा हुंगली आणि पुन्हा खाली घातली. त्याला मी कळलोच नाही. एवढ्या वर्षांत इतक्या जवळ कधी आला नव्हता. कुणाला तरी दाखवावं म्हणून मी मान वळवली. शेजारी पिशवी होती.

ऊन वाढलं. स्वेटर काढला, मग जॅकेटची चेन उघडली. त्या आवाजानं सगळा कळप एकदम हवेत उडाला आणि माळ रिकामा झाला.

नाशकात परत आल्यावर मुलाचा रोज फोन. पहिल्या दिवशी ताप आहे का. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं का. चौथ्या दिवशी म्हणाला, "अण्णा, मोठा श्वास घ्या. जोरात. फोनजवळ." मी घेतला.

"खोकला?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"नाही म्हणतो ना. ठणठणीत आहे."

तो म्हणाला, "मी शनिवारची रजा टाकून ठेवली होती. म्हटलं, लागलंच तर यायला बरं."

एकदा खाकरलो असतो तरी तो शनिवारी दारात उभा राहिला असता, सतरंजी टाकून झोपला असता. पुढं खोलीचं जे व्हायचं ते झालं असतं.

"मग रजा रद्द करू?" त्यानं विचारलं.

"कर," मी म्हटलं. "उगाच कशाला घालवतो."

"बरं. काळजी घ्या."

फोन बंद झाल्यावर मी एकदा खोकून बघितलं. छाती साफ होती.